दुर्बिणीची पट्टी आणि माउंटची खाच

समजा, तुमच्या शाळेला कोणी दुर्बीण भेट दिली. दुर्बीण म्हणजे नुसती नळी. तिला पेलणारी आणि आकाशात हवी तिकडे वळवणारी बैठक, जिला आकाशनिरीक्षक माउंट म्हणतात, ती मात्र दुसऱ्याच कोणाकडून आली. नळीच्या पोटाला धातूची एक लांबट पट्टी आहे आणि माउंटच्या डोक्यावर एक खाच आहे. पट्टी खाचेत सरकवायची आणि बाजूचा स्क्रू आवळायचा, इतके साधे काम. पण पट्टी खाचेत जातच नाही. किंवा जाते, पण डुगडुगते. किंवा जाते, घट्ट बसल्यासारखी वाटते आणि तासाभराने नळी सटकते. यांतला तिसरा प्रकार सर्वांत वाईट आणि तो माझ्या हातून घडलेला आहे. तो पुढे सांगेनच. आधी ही पट्टी आणि ही खाच म्हणजे काय भानगड आहे ते नीट पाहू.

घरात किंवा शाळेत जुने सागवानी टेबल असेल तर त्याचा खण पूर्ण बाहेर काढा आणि पुढचा कोपरा निरखून पाहा. चांगल्या सुताराने केलेला असेल तर तिथे खिळा दिसणार नाही. एका फळीला पंख्याच्या आकाराचे दाते पाडलेले असतात, टोकाशी रुंद आणि मुळाशी अरुंद. दुसऱ्या फळीत तशाच खाचा असतात. खण कितीही ओढला तरी रुंद टोक अरुंद तोंडातून बाहेर येऊ शकत नाही, म्हणून सांधा उघडत नाही. पसरलेल्या शेपटीसारखा आकार म्हणून इंग्रजीत याला डव्हटेल, म्हणजे पारव्याची शेपटी, असे नाव पडले. तुमच्यापैकी कोणी आय.टी.आय.मध्ये लेथ पाहिला असेल तर त्याच्या हत्याराला पुढेमागे नेणारी सरकपट्टी आठवा. तिच्या कडाही अशाच तिरप्या असतात. ती आपल्या मार्गात सरकते, पण वर उचलली जात नाही.

दुर्बिणीच्या पट्टीत नेमके हेच तत्त्व वापरले आहे. वहीत एक समलंब चौकोन काढा. खालची बाजू ४४ मिलिमीटर, उंची १५ मिलिमीटर, आणि तिरप्या बाजू तळाशी ७५ अंशांचा कोन करणाऱ्या. मोजलेत तर वरची बाजू सुमारे ३६ मिलिमीटर भरेल, कारण प्रत्येक तिरपी बाजू १५ मिलिमीटर वर जाताना ४ मिलिमीटर आत येते. हा झाला पट्टीचा आडवा छेद. रुंद बाजू माउंटकडे, अरुंद बाजू नळीकडे. खाचेचा एक जबडा पक्का असतो आणि दुसरा स्क्रूने आतबाहेर होतो. दोन्ही जबडे वरच्या बाजूला आत झुकलेले असतात.

आता गंमत पाहा. स्क्रू जबड्याला आडवा ढकलतो, पण पट्टी आडवी सरकायला जागा नसते, समोर पक्का जबडा उभा आहे. तिरप्या कडेवर दाब येतो तो कडेला लंब असतो, म्हणून त्याचा थोडा भाग पट्टीला खाली, खाचेच्या तळावर दाबतो. किती भाग? वरच्याच त्रिकोणावरून काढता येतो : १५ भाग आडवा जोर असेल तर ४ भाग खाली. समोरचा जबडाही प्रतिक्रियेने तेवढेच करतो. म्हणजे स्क्रूने १५ किलोग्रॅम-भार इतका जोर दिला तर, घर्षण बाजूला ठेवून, पट्टी ८ किलोग्रॅम-भाराने तळाशी दाबली जाते. एका बाजूला स्क्रू फिरवला आणि पट्टी तीन ठिकाणी पकडली गेली, दोन कडा आणि तळ. साध्या चौकोनी पट्टीला बाजूने स्क्रू लावून हे साधणार नाही. ती दोन बाजूंनी धरली जाईल, पण तळाशी दाबली जाणार नाही.

एवढे कळले की पट्टी आणि खाच यांची जोडी जुळणे म्हणजे काय हे सांगता येते. रुंदी जुळली पाहिजे आणि कोनही जुळला पाहिजे. दोहोंपैकी एक जुळून चालत नाही.

जगात हौशी आकाशनिरीक्षकांत आज मुख्यतः दोन मापे चालतात. पहिले अरुंद माप. ते जपानच्या व्हिक्सेन या कंपनीच्या माउंटमुळे रूढ झाले. ही कंपनी १९४९ सालची. तिच्या ग्रेट पोलॅरिस नावाच्या माउंटवरून या पट्टीला जीपी पट्टी असेही म्हणत. रुंद बाजू सुमारे ४३ ते ४४ मिलिमीटर, म्हणजे पावणेदोन इंच. दुसरे रुंद माप अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या लॉसमँडी माउंटवरून आले. त्याची रुंद बाजू सुमारे ७५ मिलिमीटर, म्हणजे ३ इंच. पहिल्याला व्ही आणि दुसऱ्याला डी अशी आद्याक्षरी नावेही आहेत.

घोटाळा होतो तो नावांमुळे. प्रत्येक कारखानदार आपले वेगळे नाव छापतो. एकाच अरुंद पट्टीला कोणी व्हिक्सेन म्हणेल, कोणी व्ही, कोणी जीपी, तर सेलेस्ट्रॉनच्या कागदांवर तीच सीजी-५ म्हणून दिसेल. रुंद पट्टीला त्यांनी सीजीई हे नाव दिले. खोक्यावर ‘युनिव्हर्सल’ असा शब्द असेल तर मुळीच भरवसा ठेवू नका, कारण त्या शब्दाला माप नसते. नाव काही असो, पट्टी उलटी करा आणि तिच्या सर्वांत रुंद बाजूवर पट्टी ठेवा (ही दुसरी पट्टी तुमच्या कंपासपेटीतली). ४४च्या आसपास आले तर अरुंद, ७५च्या आसपास आले तर रुंद. प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तमच. अकरावीच्या विद्यार्थ्यांना तो हातात घ्यायला एक खरे निमित्त मिळेल.

मोजणे एवढ्यासाठी महत्त्वाचे की आणखी दोन सोंगाडी मापे याच जत्रेत फिरत असतात. एक, मोठ्या नळीवर जी छोटी शोधक दुर्बीण बसवतात तिच्या पायाखालची पट्टी. तिलाही डव्हटेल आकार असतो, पण ती ४४ पेक्षा बरीच अरुंद असते. ती शोधकाचे पावशेर-अर्धा किलो वजन पेलण्यासाठी आहे, दुर्बीण टांगण्यासाठी नाही. दुसरे, छायाचित्रकारांच्या तिपाईवर वापरतात ती आर्का-स्विस पद्धतीची पट्टी. तिची रुंदी सुमारे ३८ मिलिमीटर. ३८ आणि ४४ यांत फरक थोडा वाटतो, शिवाय खाचेचा जबडा तेवढा आत येतोही, म्हणून लहान दुर्बिणी घेणारे येथे हमखास फसतात. पण तिच्या कडा ४५ अंशांच्या आहेत. पंचाहत्तर अंशांच्या जबड्यात पंचेचाळीस अंशांची कड घातली तर पृष्ठभागाला पृष्ठभाग टेकत नाही. एक धार तेवढी टेकते. वहीत दोन्ही आकृत्या शेजारी काढून पाहा, लगेच दिसेल.

आता माझी गोष्ट. डिसेंबरातली रात्र होती. एका खेड्यातल्या शाळेत आकाशदर्शनाचा कार्यक्रम होता. सहा इंची परावर्ती दुर्बीण, वजन सुमारे सहा किलो, तिला अरुंद पट्टी. माउंटची खाच दुहेरी होती, म्हणजे एकाच खाचेत दोन पायऱ्या, वरची रुंद पट्टीसाठी आणि खालची, तळाची, अरुंद पट्टीसाठी. अशा खाचा आता पुष्कळ माउंटवर असतात आणि त्या सोयीच्या आहेत. मी अंधारात, बॅटरी तोंडात धरून पट्टी ठेवली आणि मूठ आवळली. चांगली घट्ट झाली. पुढे काय झाले ते कळायला थोडे अंगविक्षेप करावे लागतील, तेव्हा उभे राहा.

आठच्या सुमाराला आम्ही मृग नक्षत्रातला तेजोमेघ पाहिला. मृग तेव्हा पूर्वेला, फार उंच आलेला नव्हता. विषुववृत्तीय माउंटवर पूर्वेकडे पाहताना नळी माउंटच्या डोक्यावर आडवी पडलेली असते. मूठ वळवून मनगटावर एक पेन्सिल आडवी ठेवा, तशी. नळीचे वजन पट्टीला खाचेतच दाबत असते. स्क्रू नसता तरी नळी तिथे राहिली असती! दीड तासाने मुलांनी कृत्तिका दाखवा म्हटले. आपल्याकडून कृत्तिका जवळजवळ डोक्यावरून जातात. नळी तिकडे वळवली. आता हात आडवा करा आणि पेन्सिल मनगटाच्या कडेला उभी धरा. माउंटची खाच कलंडून बाजूला आली, उभी झाली, आणि सहा किलोची नळी तिच्या कडेला लटकू लागली. तिला खालून आधार असा काहीच उरला नाही. एक खर्रकन आवाज झाला आणि नळी चार बोटे घसरली. नववीतली एक मुलगी नेत्रिकेपाशी उभी होती, तिने दोन्ही हातांनी नळी मिठीत धरली म्हणून आरसा वाचला. तिच्या बोटाला खरचटले ते मात्र खरे.

बॅटरीच्या उजेडात पाहिले तेव्हा चूक दिसली. पट्टीची एक कड तळाशी बसली होती आणि दुसरी वरच्या पायरीच्या ओठावर चढून राहिली होती. पट्टी तिरपी. जबडा तिला दाबत होता, पण कडेवर नव्हे, कोपऱ्यावर. मुठीला हाताशी जो घट्टपणा लागत होता तो धातूवर धातू रुतण्याचा होता, पट्टी बसण्याचा नव्हता. चूक माझीच. खाच चांगली होती, पट्टीही चांगली होती, दोघांचे माप जुळत होते.

ही पकड नीट बसली असती तर पुरेशी होती का, याचा हिशेब मी घरी येऊन मांडला. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी तो माझ्याबरोबर करून पाहावा. नळी उभी असताना तिचे ६ किलो वजन खाचेच्या लांबीच्या दिशेने खाली ओढते आणि त्याला विरोध फक्त घर्षणाचा. स्क्रूचा जोर ‘ज’ मानू. तिरप्या दोन्ही कडांवर प्रत्येकी १.०३ ज इतका दाब येतो (कर्ण थोडा लांब, म्हणून थोडे जास्त) आणि तळावर आपण काढल्याप्रमाणे १५ ला ८, म्हणजे ०.५३ ज. बेरीज सुमारे २.६ ज. घर्षणगुणांक ०.३ धरला तर रोध ०.७८ ज. तो किमान ६ किलोग्रॅम-भार हवा, म्हणजे ज सुमारे ८ किलोग्रॅम-भार. हाताने मूठ आवळली तर मळसूत्राच्या कृपेने याच्या कित्येक पट जोर मिळतो. तेव्हा नीट बसलेली पट्टी ही नळी सहज धरते, दव पडून धातू ओला झाला तरी. पण आमच्या बाबतीत तळाचा दाब शून्य होता आणि कडांऐवजी एक कोपरा टेकत होता. नळीचे वजन त्या कोपऱ्यालाच बाहेर उपटत होते.

तेव्हापासून मी तीन गोष्टी करतो. पट्टी बसवल्यावर तिच्या दोन्ही टोकांकडून, उजेडात, खाचेच्या तळाशी फट आहे का ते पाहतो. मग नळीला एक हात देऊन ठेवत दुसऱ्या हाताने ती वर, खाली, कडेला हलवून पाहतो. आणि पट्टीच्या वरच्या टोकाला एक आडवा स्क्रू कायमचा लावून ठेवला आहे. पट्टी घसरलीच तर तो खाचेच्या कडेला अडकतो. त्याची किंमत एका वडापावाहून जास्त नाही.

नळी पडण्यापर्यंत गोष्ट गेली नाही तरी सैल जोडीने निरीक्षण बिघडते, आणि ते किती बिघडते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. तुमच्या वहीच्या कागदाची जाडी ढोबळमानाने ०.१ मिलिमीटर. पट्टी खाचेत २०० मिलिमीटर लांबीवर टेकली आहे आणि तिच्या एका टोकाला फक्त एवढीच, कागदाएवढी, फट आहे असे समजा. नळी त्यामुळे ०.१ भागिले २०० इतक्या कोनातून हलू शकते. तो कोन सुमारे १०० विकला, म्हणजे शंभर सेकंदांचा कोन, होतो. आकाशात गुरूचे बिंब साधारण ३० ते ५० विकला दिसते. म्हणजे कागदाएवढ्या फटीने दुर्बिणीचा नेम गुरूच्या बिंबाच्या दुपटीहून अधिक सरकतो! दीडशे पट विवर्धन लावून पाहणाऱ्याला गुरू चार वेळा डचमळताना दिसेल आणि तो हवेला दोष देईल. छायाचित्र घेणाऱ्याच्या चित्रात तारे बिंदू न राहता तांदळाचे दाणे होतील.

मग जोडी जुळत नसेल तर काय बदलावे? येथे माझे मत स्पष्ट आहे : पट्टी बदला. पट्टी दोन स्क्रूंनी नळीच्या कड्यांना लावलेली असते, ती काढून दुसऱ्या मापाची लावणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. बाजारात अरुंद पट्टीला रुंद करणारे जोडतुकडेही मिळतात. ते अडीअडचणीला ठीक, पण प्रत्येक जोडतुकडा म्हणजे आणखी एक सांधा, आणि प्रत्येक सांधा म्हणजे कागदाएवढी आणखी एक फट. नळी अरुंद पट्टीची आणि माउंट रुंद खाचेचा असेल तर रुंद पट्टी लावण्यात काहीच तोटा नाही, पकड अधिक भक्कमच होते. उलट प्रकारात मात्र थांबा. नळीला कारखानदाराने रुंद पट्टी दिली असेल तर बहुधा नळी जड असते म्हणूनच. तिला अरुंद पट्टी लावली की ती लहान माउंटवर बसेल खरी, पण पट्टी बसली म्हणजे माउंटला ते वजन पेलेल असे नाही. माउंटची वजनमर्यादा वेगळी वाचावी लागते.

पट्टी बदलताना एका छोट्या सापळ्याकडे लक्ष द्या. काही पट्ट्यांना पाव इंची स्क्रूची भोके असतात आणि काहींना सहा मिलिमीटरच्या. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, एका इंचात २० आटे, म्हणजे दोन आट्यांत १.२७ मिलिमीटर अंतर. सहा मिलिमीटरच्या नेहमीच्या स्क्रूवर ते अंतर १ मिलिमीटर. जाड स्क्रू बारीक भोकात जात नाही, तेव्हा तो निरुपद्रवी. पण बारीक स्क्रू जाड भोकात अलगद जातो, थोडा अडकल्यासारखाही होतो, आणि जोर लावला की ॲल्युमिनियमचे आटे झिजवून बाहेर येतो. नवा स्क्रू आधी बोटांनी, पाना न वापरता, निदान पाच-सहा फेरे आत गेला पाहिजे. गेला आणि हलला नाही तर तो खरा.

पट्टी लांब का असते, असे एका मुलाने मला विचारले होते. धरायला तर हातभर लागत नाही. लांबी तोल साधण्यासाठी लागते. नळीचा गुरुत्वमध्य माउंटच्या अक्षावर आला पाहिजे. सहा किलोची नळी अवघी पाच सेंटिमीटर पुढे राहिली तर ३० किलोग्रॅम-सेंटिमीटरचा पिळा दातेरी चाकांवर रात्रभर पडतो. नेत्रिकेऐवजी कॅमेरा लावला की गुरुत्वमध्य पुन्हा सरकतो, आणि मग पट्टी थोडी ढिली करून पुढेमागे न्यावी लागते. हे करताना नळी नेहमी ध्रुवाकडे वळवून ठेवावी, काउंटरवेट खाली, नळी वर. या स्थितीत खाच जमिनीशी तुमच्या गावाच्या अक्षांशाएवढा कोन करते. पुण्यात साडेअठरा अंश. तेवढ्या उतारावर सहा किलोची नळी मागे ओढते ती जेमतेम १.९ किलोग्रॅम-भाराने. जपानात किंवा कॅलिफोर्नियात, ३५ अंशांच्या आसपास, हीच ओढ सुमारे साडेतीन किलोग्रॅम-भार झाली असती. ज्यांनी ही मापे रूढ केली त्यांच्यापेक्षा आपले काम या बाबतीत सोपे आहे! तरीही एक हात नळीवर हवाच.

काउंटरवेट मात्र नळीच्या आधी चढवायचे आणि नळी उतरवल्यानंतर उतरवायचे. क्रम चुकला तर नळीचे सगळे वजन एका बाजूला पडते, अक्षाची कळ ढिली असेल तर ती गरकन खाली येते आणि तिपाईच्या पायावर आदळते.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. सुताराकडून प्लायवुडची डॉब्सनी बैठक करून घेतली तर यातला एकही प्रश्न उद्भवत नाही, नळी पेटीत नुसती बसते. सुरुवातीला तेच बरे. पण तारा आपोआप मागे ठेवणारा माउंट घेतलाच असेल तर आकाशदर्शनाच्या आदल्या दिवशी, दुपारी, उजेडात, मुलांकडूनच पट्टी आणि खाच मोजून घ्या. आमच्या त्या शाळेत आता नळीच्या खोक्यावर पांढऱ्या रंगाने ‘४४’ लिहिले आहे आणि पट्टीवर दोन रेघा मारल्या आहेत, एक नेत्रिका लावल्यावरच्या तोलाची आणि एक कॅमेरा लावल्यावरची. रेघा मारल्या त्या नववीतल्या त्याच मुलीने. तिने तिसरी रेघही मारून ठेवली आहे, ती खाचेच्या तळाशी, लाल रंगाची. पट्टी नीट बसली की ही रेघ झाकली जाते, आणि ती दिसत असली तर कोणीही, अगदी मीसुद्धा, मूठ आवळायची नाही असा तिथला नियम आहे.